कालिंदीची कुंडली

१

कालिंदी मेल्याचं शुभांगी देवरेला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. मधली सुट्टी होती, डब्यातली भेंडी निम्मी उरली होती आणि सवयीने तिने फोन उघडला होता.

तशी कालिंदी तिची कुणी लागत नव्हती. ती या जगात कधी जन्मलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी शुभांगीनेच तिला घडवलं होतं. टेलिग्रामवर 'धामणखोरे' नावाचं एक चॅनेल होतं. पाच जण मिळून तिथे एका काल्पनिक गावाची गोष्ट लिहायचे, रोज थोडी थोडी, आणि दोन-अडीच हजार लोक ती वाचायचे. ज्याचं त्याचं पात्र वेगळं. नियम दोनच होते. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचा नाही आणि मालकाला विचारल्याशिवाय कुणाचं पात्र मारायचं नाही.

प्रत्येक पात्राचा एक तक्ता असायचा. गमतीने सगळे त्याला कुंडली म्हणायचे. वय, रूप, बोली, सवयी, भीती आणि शेवटी 'हे कधीच करणार नाही' असा एक रकाना. या कुंडल्या एका सामाईक फाईलमध्ये होत्या. मराठीच्या बाई म्हणून ती फाईल सांभाळायचं काम आपसूक शुभांगीकडे आलं होतं आणि ते तिला मनापासून आवडायचं.

धामणखोऱ्याच्या एस.टी. स्टँडवर कँटीन चालवणारी कालिंदी सगळ्यात गाजलेलं पात्र होतं. तीन आठवड्यांपूर्वी शुभांगीने तिचं गुपित फोडलं होतं. तरुणपणी ही बाई झोपलेल्या तीन वर्षांच्या मुलीला सासरी टाकून एका ट्रकवाल्याबरोबर गेली होती आणि अकरा महिन्यांनी परत आली होती. वाचक खवळले होते. शिव्यांनी भरलेल्या प्रतिक्रिया शुभांगीने कौतुकाने दोनदोनदा वाचल्या होत्या. पात्र जिवंत असल्याशिवाय लोक इतके चिडतात का? आदल्या संध्याकाळी तिने पुढचीही जाहिरात टाकली होती: 'उद्याच्या भागात कालिंदीच्या आजारपणाचं सोंग उघडं पडणार!'

आणि आज दुपारी सव्वाबाराला चॅनेलवर हे आलं होतं:

'आज कँटीनचं शटर उघडलं नाही. ती गेली. आजारी नव्हती, कुणी मारलं नाही, जीवही दिला नाही. थकली आणि गेली. ट्रकवाला कुणी नव्हता. मुलगी झोपलेली नव्हती, जागी होती. आई बाजारात निघाली असं वाटून तिने आईची चप्पल उचलून आणून दिली. तीनशे अकरा दिवस त्या बाईने ती चप्पल पायात घातली नाही. आता तिच्याबद्दल पुढे कुणी काही लिहू नये.'

चॅनेलवरचा सगळा मजकूर 'धामणखोरे' याच नावाने यायचा. लिहिणारा वरती आपल्या पात्राचं नाव टाकायचा म्हणून कुणी लिहिलं ते कळायचं. इथे वरती काहीच नव्हतं.

शुभांगीने डबा बंद केला. लेखकांच्या आतल्या ग्रुपवर तिने रागाने टाकलं, 'हा खून कुणी केला? मला आजच्या आज नाव हवंय!'

मग तिने तो मजकूर पुन्हा वाचला, चपलेपाशी आली आणि तिचा राग जागच्या जागी विझला. चप्पल तिने लिहिली नव्हती. तिला ती ठाऊकच नव्हती. तरी ती खरी आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे आलेलं नाव ग्रुपातल्या कुणाचंच नव्हतं.

२

'नाव शोधू, ताई. घाई करू नका,' असं उत्तर सहादू साळव्यांनी टाकलं.

साळवेकाका मनमाडचे. बत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. गाडी कुठल्या स्टेशनात किती वाजून किती मिनिटांनी आली, का थांबली, कुणाच्या चुकीने थांबली, हे लिहून ठेवण्यात आयुष्य गेलेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी धामणखोरे सुरू केलं. त्यांचं पात्र होतं गावचा पोस्टमन. ग्रुपात कुणाचं बिनसलं की निवाडा तेच करत. आवाज कधी चढत नसे आणि प्रश्न कधी संपत नसत.

संध्याकाळी पाचला त्यांनी सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं. शुभांगी सातपूरच्या घरी गॅलरीत खुर्ची टाकून कानाला फोन लावून बसली.

"मी तर मेलेलोच आहे कामाने," सनी म्हणाला. हा अठ्ठावीस वर्षांचा, कॉलेजरोडला स्टुडिओ. दुकानदारांना साड्यांचे, दागिन्यांचे फोटो काढून द्यायचा. गोष्टीत त्याचं पात्र होतं गावातला भुरटा चोर. "दुपारी बाराला शूट चालू होतं. हात मोकळा नव्हता. पण काका, खरं सांगू? सगळ्यांना माहितीये कुणाचं वाकडं होतं ते."

"कुणाचं?"

"मनोजसरांचं."

मनोज भोये सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत मास्तर होते. त्यांचं पात्र म्हणजे बुधा, डोंगरातला म्हातारा वैदू. मनोज बुधाला आपल्या भागातल्या बोलीत बोलतं करायचे. मागच्या महिन्यात शुभांगीने कुंडलीतला बोलीचा रकाना 'वाचकांना कळेल असा' करून टाकला होता. बुधाची चार वाक्यंही शुद्ध केली होती, न विचारता. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं आणि मनोज आठवडाभर गप्प होते.

"मनोजसर, तुम्ही बोला," साळवेकाका म्हणाले.

"काय बोलू? वाकडं होतं. आजही आहे," मनोजचा आवाज मध्येच तुटत होता, रेंज कमी असावी. "पण मी मारली असती तर वरती नाव टाकून मारली असती. लपून मारायचं आम्हाला काय कारण?"

"चिडून माणूस काहीही करतो," सनी म्हणाला. "आणि मेसेज जरा... कसा म्हणू... सुटा सुटा आहे. लहान लहान वाक्यं. सरांसारखा."

"म्हणजे आम्हाला लांब वाक्य येत नाय?"

शुभांगीला त्या क्षणी बोलता आलं असतं. हा मजकूर मनोजचा असूच शकत नाही हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सुरगाण्याच्या मास्तराला ती चप्पल कुठून ठाऊक असणार? पण ते सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. तिने गॅलरीच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसली आणि गप्प राहिली.

"देवरेबाई, तुम्हालाही असंच वाटतं का?" मनोजनी थेट विचारलं.

"मी... मला काही माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं." फोन कट झाला. पाच मिनिटांनी ग्रुपवर ओळ उमटली: 'मनोज भोये यांनी ग्रुप सोडला.'

पाचव्या लेखिकेने, मोहिनीने, नेहमीप्रमाणे फोन उचलला नव्हता. नाशिकरोडची गृहिणी, आठ महिन्यांपूर्वी आलेली. तिला कुणी पाहिलं नव्हतं की तिचा आवाज ऐकला नव्हता. 'घरात सासरे असतात, मेसेज करा,' एवढंच ती म्हणायची. तिची सगुणा, गावात शिलाई मशीन चालवणारी अबोल बाई, शुभांगीला आवडायची. साळवेकाकांनी विचारल्यावर मोहिनीने उशिरा एकच ओळ पाठवली: 'मनोजसरांनी केलेलं नाही. त्यांना परत बोलवा.'

"हे तिला कसं माहीत?" साळवेकाका शुभांगीला म्हणाले.

३

संजना आणि शुभांगी डी.एड.च्या हॉस्टेलवर एका खोलीत होत्या. संजनाचं लग्न येवल्याला झालं, पैठणी विणणाऱ्या घरात. चार वर्षांनी एका सकाळी ती शुभांगीच्या सातपूरच्या भाड्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात एक पिशवी, पाय अनवाणी. नवरा मारत होता का? नाही. सासू? नाही. "श्वास कोंडायचा गं," एवढंच ती म्हणाली. जवळच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. तिच्या भावाने सासरी सांगितलं की तिला टी.बी. झालाय, दवाखान्यात ठेवलंय, लहान मुलीला भेटवता येणार नाही. जवळपास वर्षभराने ती परत गेली. मुलगी, पायल, आता एकोणीस वर्षांची होती आणि आई तेव्हा आजारी होती हेच तिला माहीत होतं.

ही गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती. भाऊ वारला. उरल्या दोघी. शुभांगीने ती अडीच हजार लोकांपुढे मांडली होती. कालिंदीचं हे गुपित लिहिताना ती स्वतःला म्हणाली होती, नाव बदललंय, गाव बदललंय, कोण ओळखणार आहे! ट्रकवाला तिने स्वतः घातला होता. नुसता श्वास कोंडला म्हणून बाई घर सोडते हे वाचकाला पटलं नसतं.

दोन दिवस तिने एकच विचार केला: संजनाला हे कळलं कसं आणि ग्रुपातल्या कुणाला तिने हे सांगितलं? मग तिला सनी आठवला. साड्यांचे फोटो काढायला सनी महिन्यातून दोनदा येवल्याला जायचा!

तिने त्याला फोन लावला. "सनी, तू येवल्यात कुणाकुणाच्या घरी जातोस रे?"

"दुकानात जातो, मॅडम. घरी कशाला जाऊ? का?"

"कुणाशी बोललास का आपल्या गोष्टीबद्दल? कालिंदीबद्दल?"

"येवल्याचा आणि कालिंदीचा काय संबंध?" सनीने भाबडेपणाने विचारलं आणि शुभांगीने 'सहज' म्हणून फोन ठेवला.

शेवटी तिने संजनालाच फोन केला. मनाशी ठरवलं होतं की आधी विचारायचं, मग कबूल करायचं. फोन उचलला गेला तेव्हा मागे मागाचा ठोका ऐकू येत होता.

"बोल गं. किती दिवसांनी!" संजना म्हणाली.

"सहज केला. पायल कशी आहे?"

"बरी आहे. बी.कॉम.ला आहे ना. हल्ली फोनवर काहीबाही वाचत बसते." संजना थांबली. मागाचा ठोकाही थांबला. "तू काय करतेस? लिहितेस का काही?"

प्रश्न साधा होता. शुभांगीच्या जिभेवर कबुली आली होती, अगदी टोकावर.

"छे गं. शाळेच्या कामातून वेळ कुठे मिळतो!"

पलीकडे मागाचा ठोका पुन्हा सुरू झाला.

"बरं," संजना म्हणाली. अगदी मनोज म्हणाले होते तसं. "ठेवते मग."

शुभांगीने फोन ठेवला आणि पाहिलं तर साळवेकाकांचा मेसेज आलेला: 'डोळे तपासायला उद्या नाशिकला येतोय. चहाला घरी येईन. मारणारा सापडला. ताई, आधी तुमच्याशी एकटीशी बोलायचंय.'

४

साळवेकाका दुपारी चारला आले. पांढरा सदरा, काखेत वही. डोळ्यांत औषध घातल्याने सारखे डोळे मिचकावत होते. शुभांगीचा नवरा कामावर होता. तिने चहा ठेवला. काकांनी पहिला घोट घेतला आणि वही उघडली.

"मी चार प्रश्न लिहिले होते. एकेक सांगतो. चुकलो तर तिथेच थांबवा.

"पहिला. मारायचं होतं तर सरळ मारावं. गाडीखाली घाला, विहिरीत ढकला. या माणसाने काय केलं? तिला शांत मरण दिलं आणि तिच्याबद्दलच्या तीन गोष्टी दुरुस्त केल्या. ट्रकवाला नव्हता. मुलगी जागी होती. अकरा महिने नाही, तीनशे अकरा दिवस. ताई, खोट्या बाईचे दिवस कुणी मोजतं का?"

काकांनी पान उलटलं.

"दुसरा. सगळ्या मजकुरात कालिंदीचं नाव एकदाही नाही. ती, त्या बाईने, आई. मनोजसर नेहमी 'कालिंदीबाय' लिहितात, सनी 'मावशी' लिहितो. इथे नावच नाही. कारण लिहिणाऱ्याच्या लेखी ती कालिंदी नव्हतीच. ती दुसरी कुणीतरी खरी बाई होती.

"तिसरा. त्याच दिवशी का? तीन आठवडे लोक शिव्या देत होते तेव्हा नाही मारलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही जाहिरात टाकलीत, उद्या आजारपणाचं सोंग उघडं पडणार. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली. म्हणजे मारायचं नव्हतं, ताई. थांबवायचं होतं. ते सोंग खऱ्या आयुष्यात अजून कुणाला तरी कळलेलं नाही आणि ते माणूस आपली गोष्ट वाचतं."

शुभांगीने कप बशीत आपटल्यासारखा ठेवला. चहा सांडला. तिने पदराने पुसला.

"आणि सनी सांगत होता, तुम्ही त्याला येवल्याचं विचारलंत. का, ते मी विचारणार होतो. आता नाही विचारत."

"काका..."

"थांबा. चौथा राहिलाय. कोण? मी म्हटलं, ही चप्पल आपल्या गोष्टीत आधी कुठे येऊन गेलीय का ते बघू. दोन वर्षांचे सगळे भाग वाचून काढले. नाही. कुंडल्या वाचल्या. नाही. मग कळलं की त्या फाईलच्या जुन्या आवृत्त्यासुद्धा बघता येतात. कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं." त्यांनी फोन पुढे केला. "वाचा. मला अजून नीट दिसत नाही."

सगुणाची कुंडली. आठ महिन्यांपूर्वीची, मोहिनीने पहिल्यांदा पाठवलेली. सवयींच्या रकान्यात एक ओळ होती: 'कुणी चप्पल उचलून हातात दिली तर घालत नाही. अनवाणीच निघते.' त्या ओळीवर रेघ होती. शेजारी शेरा होता, तारखेसकट, शुभांगीच्या नावाने: 'सवयीला कारण हवं. नाहीतर उगाच वाटतं. काढलं आहे.'

शुभांगी त्या अक्षरांकडे बघत राहिली. मोहिनी. नाशिकरोडची, सासऱ्यांमुळे फोन न उचलणारी मोहिनी.

मग तिला एकदम सगळं आठवू लागलं. दीड वर्षापूर्वी, कालिंदीचं गुपित तिच्या डोक्यातही नव्हतं तेव्हा, तिने हौसेने संजनाला चॅनेलची लिंक पाठवली होती: 'बघ, तुझी मैत्रीण लेखिका झाली!' आणि विसरून गेली होती. संजना विसरली नव्हती. हॉस्टेलवर दोघी एकाच वहीत कविता लिहायच्या. तिने वेगळं नाव घेतलं होतं, कदाचित एक दिवस हसत हसत सांगण्यासाठी की अगं, मोहिनी म्हणजे मीच! आठ महिने ती शेजारी बसल्यासारखी लिहीत होती. शुभांगी तिला शाबासकी देत होती, तिच्या ओळी खोडत होती.

आणि गुपिताचा तो भाग आल्यावर मोहिनीने खासगीत विचारलं होतं, 'मॅडम, कालिंदी तुम्हाला कुठून सुचली?'

शुभांगीने फोनमध्ये तो संवाद शोधला. सापडला. साळवेकाकांसमोर तिला तो वाचवेना, तरी वाचला. तिनेच लिहिलं होतं: 'निव्वळ कल्पना हो! अशी आई खऱ्या जगात नसते. ती फक्त गोष्टीत शोभते.'

त्याखाली मोहिनीचं उत्तर नव्हतं.

"काका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "मोहिनी कोण ते नाही. पण मनोजसरांनी केलेलं नाही, हे माहीत होतं. मी बोलले नाही."

"हो," साळवेकाका म्हणाले. त्यांनी वही मिटली. "तेवढं वहीत लिहिलेलं नाही मी. लिहिण्याची जागा नव्हती."

ते उठले. दारात वळून म्हणाले, "बत्तीस वर्षांत चूक शोधली की मला बरं वाटायचं. आज नाही वाटलं. जातो, सातची गाडी आहे."

५

त्या संध्याकाळी शुभांगीने सगळ्यात आधी मनोजला फोन केला. तिने सगळं सांगितलं, संजनाचं नाव सोडून. मनोजनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसल्या."

"हो. मला माफ करा, सर."

"माफीचं बघू," मनोज म्हणाले. "आधी बुधाची बोली परत लावा. जशी होती तशी. मग ग्रुपवर लिहा, सगळ्यांसमोर. मला फोनवर एकट्याला नको."

तिने तसं केलं. बुधाच्या कुंडलीतलं एकेक वाक्य पूर्वीसारखं केलं. ग्रुपवर लिहिलं की मनोजसर निर्दोष आहेत, हे आपल्याला माहीत असूनही आपण त्यांच्यावर आळ येऊ दिला. चॅनेलवर लिहिलं की कालिंदी एका जिवंत माणसाची गोष्ट होती, ती न विचारता घेतली, वर खोटं मिसळलं, म्हणून तिचे सगळे भाग काढून टाकत आहे. भाग पुसायला तास लागला. वाचकांच्या शिव्याही पुसल्या जात होत्या. एकही शिवी आता वाचवत नव्हती, कारण त्या कुणी वाचल्या होत्या ते तिला माहीत होतं.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने ती येवल्याला गेली. संजनाच्या घराच्या पुढच्या खोलीत माग होता, त्यावर अर्धा विणलेला जांभळा पदर. संजना मागावरच बसली होती. ती उठली नाही.

"मोहिनी," शुभांगी उंबऱ्यातूनच म्हणाली.

संजनाने मान वर केली. रडलेली नव्हती, चिडलेलीही दिसत नव्हती. "बस," ती म्हणाली. "किती दिवस लागले तुला?"

"मला नाही कळलं. दुसऱ्यांनी शोधून दाखवलं."

"वाटलंच." संजनाने एक धागा बोटाने सारखा केला. "तीन आठवडे वाट बघितली मी. म्हटलं फोन करेल. केलास. मी विचारलंसुद्धा."

शुभांगी सतरंजीवर बसली. येताना गाडीत तिने जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आता जागेवर नव्हतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "चुकलं म्हणणंही कमी आहे. मी तुझं चोरलं, संजना. आणि चोरून घाण केलं."

"तू विचारलं असतंस तर मी दिलं असतं," संजना म्हणाली. "हे तुला कळतंय का? सगळं सांगितलं असतं. बसून. चपलेचंसुद्धा. सोळा वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की मी अनवाणी का आले होते. मी म्हणायचे, शुभाला माझी लाज राखायचीय, म्हणून विचारत नाही." ती थोडं हसली. "तुला वेळच नव्हता विचारायला. तुला गोष्ट मिळाली होती ना."

शुभांगीला मान वर करता येईना. सतरंजीच्या पट्ट्या मोजल्यासारखी ती खाली बघत राहिली.

"आणि तो ट्रकवाला," संजना म्हणाली. पहिल्यांदा तिचा आवाज फाटला. "तो कशाला घातलास?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ती काहीतरी बोलणार तोच आतून पायल पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, आईसारख्याच भुवया.

"मावशी! कधी आलात?" तिने तांब्या ठेवला. "मी तुमचं धामणखोरे वाचायचे. आईनेच दाखवलं होतं मला, केवढं कौतुक सांगायची. कालिंदीचे भाग का काढले हो? मला तिचा इतका राग यायचा! पण शेवटचं वाचलं ना, मुलीने चप्पल आणून दिली ते, तर मला रडूच आलं. का कुणास ठाऊक. दोन दिवस डोक्यातून गेलं नाही."

पायल एकदा मावशीकडे, एकदा आईकडे बघू लागली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

संजना मागावरून उठली. तिने हात पदराला पुसले आणि मुलीचा दंड धरला.

"पायल, बस इथे. मला तुला काहीतरी सांगायचंय. खूप आधीच सांगायला हवं होतं."

शुभांगीही उठली होती. आपण थांबावं का, संजनाला आधार लागेल का, असं काहीसं तिच्या मनात होतं. संजनाने तिच्याकडे पाहिलं.

"तू जा आता, शुभा," ती शांतपणे म्हणाली. "हे तुझ्यासमोर नाही सांगणार मी."

शुभांगी बाहेर आली. मागे दार लोटलं गेलं. गल्लीत ऊन होतं, समोरच्या घरातून मागाचा आवाज येत होता. ती चार पावलं गेली आणि थांबली. खिडकी उघडीच होती. आतून संजनाचा आवाज येऊ लागला होता, सावकाश, एकेक शब्द; मध्येच पायलचा, अर्धवट, प्रश्नासारखा. इथे भिंतीपाशी उभं राहिलं तर सगळं ऐकू आलं असतं. संजना का गेली, का परत आली, त्या तीनशे अकरा दिवसांत तिच्या मनात काय काय चाललं होतं, जे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं.

आणि आपल्याला ते ऐकायचंय, हे तिच्या ध्यानात आलं. मैत्रीण म्हणून नाही. लिहिणारी म्हणून. माफी मागून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि तिचा कान खिडकीकडे वळला होता.

भर उन्हात तिचा चेहरा लाल झाला. तिने कानांवर पदर ओढला आणि कुणी पाठलाग करतंय अशी झपाझप स्टँडच्या दिशेने चालू लागली.